रहस्य कोणी वदवून घेतले?

इतिहास जेथे मौन धारण करतो तेथे कादंबरी बोलू लागते, हे सूत्र आपल्या समीक्षाव्यवहारात इतके रुळले आहे की ते तपासण्याची गरज कोणास भासत नाही. ऐतिहासिक कादंबरीचे समर्थन करतानाही आपण तेच वापरतो आणि तिच्या स्वैरतेवर पांघरूण घालतानाही. टेम्प्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्धा-संन्याशांच्या संघावर गेल्या दोन शतकांत जे कथासाहित्य निर्माण झाले, त्याच्या कसोटीवर हे सूत्र टिकत नाही. तेथे इतिहास मौन नव्हता. त्याला बोलते केले गेले होते.

१३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने आपल्या राज्यातील टेम्प्लरांना एकाच वेळी अटक करविली. ख्रिस्ताचा अव्हेर, क्रुसावर थुंकणे, मस्तकमूर्तीची पूजा असे आरोप होते. यातनांच्या छायेत झालेल्या पॅरिसच्या चौकशीत १३८ जणांपैकी केवळ चौघे आरोप नाकारू शकले. पुढे कबुली मागे घेणाऱ्यांपैकी ५४ जणांना मे १३१० मध्ये जाळण्यात आले. १३१२ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट याने संघ विसर्जित केला. मार्च १३१४ मध्ये संघप्रमुख जाक द मोले यास जिवंत जाळले गेले.

आता ज्याला 'न उलगडलेले रहस्य' म्हटले जाते त्याचे घटक पाहावेत. गुप्त दीक्षाविधी आणि गूढ मूर्ती ही तर आरोपपत्रातीलच कलमे. उरला नाहीसा झालेला खजिना. धनासह पळालेले सरदार आणि १८ जहाजे यांचा उल्लेख येतो तो १३०८ साली प्वातिए येथे एका बंदिवानाने दिलेल्या जबानीत. म्हणजे कादंबरीकार ज्या जागेला इतिहासातील पोकळी समजतो, ती फिर्यादी सत्तेच्या संहितेने आधीच व्यापलेली आहे.

डॅन ब्राउन यांची 'द दा विंची कोड' (२००३) धर्मसत्तेविरुद्ध बंड केल्याचा आव आणते. परंतु टेम्प्लर काहीतरी दडवीत होते, हे तिचे मूळ गृहीतक फिलिपचेच आहे. राजाच्या लेखी जो गुन्हा होता तो कादंबरीच्या लेखी गौरव ठरतो, इतकाच फरक. आरोप कायम राहतो. केवळ निकाल फिरतो.

कादंबरीकाराकडून साधनचिकित्सेची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मला मान्य नाही, कारण दोन कादंबऱ्यांनी इतिहासकार न होताही ही चिकित्सा साधली आहे. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'मध्ये (१८१९) रिबेका या ज्यू युवतीवर चेटकाचा खटला चालतो आणि न्यायासनावर टेम्प्लरांचा संघप्रमुख बसलेला असतो. शतकाभराने जो संघ अशाच खटल्यात आरोपी व्हायचा, तो येथे न्यायाधीश आहे. स्कॉटचा हेतू काहीही असो, पूर्वग्रहातून पुरावा कसा घडतो हे वाचकास दिसते. उंबेर्तो एको यांच्या 'फूकोज पेंड्युलम'मध्ये (१९८८) ज्या कागदाच्या तुकड्यावर टेम्प्लरांच्या महायोजनेचा डोलारा उभा राहतो, तो एका स्त्रीच्या वाचनात व्यापाऱ्याची साधी यादी ठरतो. तरीही अस्तित्वातच नसलेले रहस्य सांग, म्हणून बेल्बोला फासावर चढविले जाते. १३०७ची चौकशी येथे नव्या वेषात पुन्हा घडते.

म्हणून ऐतिहासिक कादंबरीवरील आपल्या प्रबंधांतून 'लेखकाने पोकळी किती कल्पकतेने भरली' हा प्रश्न आता मागे घ्यावा. विचारावयाचा प्रश्न असा आहे : हे रहस्य प्रथम कोणी, कोणाकडून आणि कशाच्या बळावर वदवून घेतले? ज्या कादंबरीला हा प्रश्न पडतच नाही, ती कितीही रंजक असली तरी फिर्यादीच्या दप्तरातील आणखी एक जबानीच होय.