काचेपलीकडचा संपादक

दीड-दोन तासांच्या मराठी गप्पा लोक मन लावून ऐकतात, हे ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’, ‘व्हायफळ’ यांसारख्या पॉडकास्टनी दाखवून दिलं आहे. मुळात ही ऐकण्याची गोष्ट. पॉडकास्ट हा शब्द २००४ मध्ये पहिल्यांदा छापून आला, तेव्हा कॅमेऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूट्यूबने आपल्या पॉडकास्टना महिन्याला शंभर कोटींहून जास्त लोक येतात असं जाहीर केलं. तोवर पाहुणा ऐकू कसा येतो यापेक्षा दिसतो कसा याची काळजी वाढलेली होती. हा सगळा भार स्टुडिओ इंजिनिअरवर, म्हणजे रोजच्या भाषेतल्या ‘रेकॉर्डिंगवाल्या’वर येऊन पडला आहे. पाहुण्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, प्रायोजकाचं तर दोनदा येतं, याचं मात्र बऱ्याचदा कुठेच सापडत नाही. ते द्यायला हवं. कौतुक म्हणून द्या असंही नाही. मुलाखतीचा अर्थ ज्याच्या हातून बदलू शकतो तो माणूस कोण, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

अर्थ बदलू शकतो, हे म्हणणं कुणाला अतिशयोक्त वाटेल. पण मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘मी ते पैसे घेतले नाहीत’ असं म्हणणाऱ्याचा श्वास ‘नाहीत’पाशी संपत आलेला असतो, आवाज खाली उतरलेला असतो. ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं ‘नॉइज गेट’ जरा कडक लावलं, तर बळी जातो तो नेमका याच शब्दाचा. शांततेचंही तसंच. ‘राजीनामा का दिलात?’ या प्रश्नावर पाहुणा चार सेकंद गप्प बसला, तर ते गप्प बसणं उत्तराचाच भाग असतं. ‘गॅप टाइट’ करण्याच्या नादात ते काढलं की तोच माणूस ठाम, तयारीचा वाटू लागतो. चित्र आल्यावर हा हात अधिक लांब झाला. वाक्य मधूनच कापलं तर पडद्यावर मान एकदम उडते, म्हणून त्या जागी समोरच्याचा ऐकतानाचा शॉट टाकतात. दुसरा कॅमेरा देखणेपणासाठी लावलेला असतो, तसाच जोड झाकण्यासाठीही. सूत्रसंचालक मान डोलावतो आहे ती याच वाक्याला की दहा मिनिटांपूर्वीच्या विनोदाला, हे प्रेक्षकाला कळायला मार्ग नाही. वर्तमानपत्रात कापाकापी होतेच, पण तिथे प्रत्येक अंकावर संपादकाचं नाव छापण्याचं कायद्याचं बंधन आहे.

यावर निर्मात्यांचं उत्तर ठरलेलं आहे: निर्णय आमचा, तो फक्त बटणं दाबतो. मोठ्या कापाकापीपुरतं हे खरं आहे. कोणता किस्सा ठेवायचा, वकिलाला विचारून काय गाळायचं, हे निर्माताच ठरवतो. पण दोन तासांच्या बोलण्यातले शेकडो बारीक निर्णय, कुठला खाकरा राहू द्यायचा, कुठला अडखळता शब्द पुसायचा, दोघे एकदम बोलले तर कुणाला वर आणायचं, हे कुणी बैठक घेऊन ठरवत नाही. ते करणारा करून मोकळा होतो आणि निर्माता तयार भाग ऐकतो. कायद्याने तर हा माणूस जवळपास अदृश्यच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता. मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाला त्यात वेगळं स्थान नाही. निर्मात्याने आपणहून नाव दिलं तरच ते दिसणार.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि त्याला जोडूनच यंत्रांचा. छोट्या चॅनेलला वेगळा इंजिनिअर कुठून परवडणार, आणि आता एका क्लिकवर गोंगाट पुसणारी सॉफ्टवेअर आहेतच की, असं विचारलं जातं. ही सॉफ्टवेअर उपयोगी आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आवाज फारच खराब असेल तर ती नुसतं पुसत नाहीत, अंदाजाने भरही घालतात. अस्पष्ट शब्दाच्या जागी भलताच शब्द ऐकू येऊ शकतो. शिवाय मुळातलं नुकसान यंत्र येण्याच्या आधीच झालेलं असतं. माईक फ्रेममध्ये नको म्हणून लांब सरकवला आणि तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं, की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीतला घुमारा मात्र तेवढाच राहतो. त्यात काचेचं टेबल आणि उघड्या भिंती, कारण त्या छान दिसतात. कॅमेरा आणि रेकॉर्डर वेगवेगळे चालवले तर लांबच्या मुद्रणात दोघांची घड्याळं हळूहळू सुटतात. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मागे पडला की ते माणसाला जाणवू लागतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. ‘पोस्टमध्ये बघू’, म्हणजे नंतर संकलनात निस्तरू, या वाक्यावर जेवढा पैसा जातो, त्यात पाहुणा बसण्याआधी तासभर जाणता माणूस आणि दोन जाड पडदे येतात. तिसरा कॅमेरा थांबू शकतो.

लोक मोबाइलच्या स्पीकरवरच ऐकतात, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असंही एक म्हणणं असतं. लोकल ट्रेनमध्ये, एसटीत, रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकणाऱ्यालाच तर सारख्या पातळीचा, स्वच्छ आवाज सर्वांत जास्त लागतो. चांगल्या हेडफोनवर उलट थोडंफार निभावून जातं.

ध्वनीच्या कामाची कदर नसणं पॉडकास्टपुरतं नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार ‘डोळ्ळू’ या कन्नड चित्रपटाला मिळाला, आणि त्याचा आवाज नंतर डब केलेला होता हे ध्वनिरचनाकार रसूल पूकुट्टी यांनी जाहीरपणे दाखवून दिलं. परीक्षकांच्याच कानांची ही गत, तर श्रोत्यांना काय बोलणार! पूकुट्टी यांनी ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी २००९ मध्ये ऑस्कर घेतलं, आणि ते शिकले पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभ्या असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच प्रभातच्या विष्णुपंत दामल्यांनी बोलपटाच्या आरंभी ध्वनीची बाजू स्वतः सांभाळली होती. ध्वनीच्या माणसाला नाव असतं, हे मराठी निर्मात्यांना बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नाही. भागाच्या वर्णनात माईक विकत घेण्याची लिंक देता, तिच्या वर दोन ओळी घाला: ध्वनिमुद्रण कुणाचं, संकलन कुणाचं. आणि ज्यांची मुलाखत होणार आहे त्यांनी खुर्चीत बसण्याआधी ही दोन नावं विचारून घ्यावीत.