वसतिगृहातील अध्ययन

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयाची योग्यता केवळ तेथील व्याख्यानांवरून, अथवा शेवटी मिळणाऱ्या पगाराच्या आकड्यांवरून ठरविण्याचा जो प्रघात सांप्रत रूढ झाला आहे, तो आम्हांस अपुरा वाटतो. अहमदाबाद येथे १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या इमारतींचा आराखडा करताना लुई कान या अमेरिकी वास्तुशिल्पज्ञाने वसतिगृहांतील लांबलचक बोळ बुद्ध्या टाळले आणि दहा-दहा खोल्या एका जिन्याभोवती व चहाच्या दालनाभोवती अशा रचल्या, की जाता-येता विद्यार्थ्यांची गाठ पडावी आणि त्या सहवासातच अध्ययन घडावे. ही दृष्टी खरोखर थोर होय. कारण उद्याच्या तासाला ज्या उद्योगाची अडचण चर्चेस यावयाची, तिचा उलगडा आदल्या रात्री सोबत्यांशी वाद घालता घालताच होऊ लागतो, आणि ज्याची इंग्रजी अडखळते त्यास बोलण्याचा पहिला धीर तेथेच येतो.

परंतु विटांची रचना कितीही विचारपूर्वक केलेली असली, तरी बँकेचे कर्ज शिरावर घेऊन, घरातील पहिलाच पदवीधर म्हणून आलेल्या मुलाची विवंचना तिने मिटत नाही. त्यास फीची तजवीज हवी. आणि त्याहूनही, मन खचले असता ज्याच्यापाशी निःसंकोच बोलता येईल व त्या बोलण्याची नोंद नोकरीच्या दप्तरात कदापि जाणार नाही, असा समुपदेशक हवा. संस्थाचालकांनी येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र रक्कम मुक्रर करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.