इस्ट्रोजेन आणि अल्झायमर : प्रश्न वेळेचा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला. रजोनिवृत्तीच्या काळात दिल्या जाणाऱ्या संप्रेरक औषधांवर हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबाबत ठळक चौकटीत दिला जाणारा इशारा काढून टाकण्याचे ठरले. हे उपचार वेळेवर सुरू केल्यास अल्झायमरचा धोका कमी होऊ शकतो, असेही त्या वेळी सांगण्यात आले. दोन दशकांपूर्वी ज्या उपचारांनी मेंदूला अपाय होतो असे मानले गेले, त्यांनाच आता मेंदूचे कवच म्हटले जाऊ लागल्याने हा जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे.

भारताच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. साठ वर्षे व त्यावरील सुमारे ८८ लाख भारतीयांना, म्हणजे या वयोगटातील ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वर्तविण्यात आला. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५.८ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ९ टक्के आढळले. स्त्रियांचे दीर्घ आयुर्मान आणि मागील पिढीत त्यांना नाकारले गेलेले शिक्षण ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. तथापि रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेनची पातळी झपाट्याने घटते, हेही एक कारण असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

या कयासाला प्रयोगशाळेतील निष्कर्षांचा आधार आहे. इस्ट्रोजेन हे केवळ प्रजननाचे संप्रेरक नव्हे. स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्याला प्रतिसाद देणारे ग्राहक रेणू आहेत. उंदरांवरील प्रयोगांत या संप्रेरकामुळे चेतापेशींमधील जोडण्या वाढल्याचे आढळले. मेंदूतील ग्लुकोजचा वापर, रक्तप्रवाह आणि पेशींतील ऊर्जानिर्मिती यांनाही त्याची मदत होते. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या बीटा अमायलॉइड या प्रथिनाची निर्मिती ते कमी करते, असेही प्राण्यांवरील आणि पेशींवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

मात्र प्रयोगशाळेतील आशा प्रत्यक्ष चाचणीत टिकली नाही. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या विशाल प्रकल्पाअंतर्गत ६५ वर्षे व त्यावरील ४,५३२ स्त्रियांची पाहणी करण्यात आली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही औषधे एकत्र घेणाऱ्या गटात स्मृतिभ्रंशाचे ४०, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात २१ रुग्ण आढळले. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर या औषधांचा वापर घसरला. परंतु वर्षाकाठी दहा हजार स्त्रियांमागे वाढलेल्या रुग्णांची संख्या सुमारे २३ होती, हा तपशील त्या गदारोळात मागे पडला.

या चाचणीतील स्त्रियांची रजोनिवृत्ती होऊन बहुधा दशकाहून अधिक काळ लोटला होता, याकडे पुढे लक्ष वेधले गेले. चेतापेशी निरोगी असतानाच इस्ट्रोजेन उपकारक ठरते, त्या दुबळ्या झाल्यावर नाही, अशी मांडणी त्यातून पुढे आली. अमेरिकेतील यूटा राज्यातील कॅश परगण्यात झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात, रजोनिवृत्तीनंतर पाच वर्षांच्या आत उपचार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अल्झायमरचे प्रमाण कमी आढळले. परंतु असे उपचार घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक सुशिक्षित आणि आरोग्याविषयी जागरूक असतात. त्यामुळे हा परिणाम औषधाचा की परिस्थितीचा, हे अशा निरीक्षणांतून ठरवता येत नाही. नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या ७२७ स्त्रियांवरील ‘कीप्स’ चाचणीत चार वर्षांच्या उपचारांनी बुद्धीला लाभही झाला नाही आणि अपायही झाला नाही. सुमारे दहा वर्षांनंतरच्या तपासणीचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही तसेच होते. म्हणजेच भीती अतिरंजित होती, पण नवे आश्वासनही अद्याप सिद्ध झालेले नाही.

एका बाबतीत मात्र चित्र अधिक स्पष्ट आहे. रजोनिवृत्तीपूर्वीच शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो आणि शस्त्रक्रियेचे वय जितके कमी तितका तो अधिक असतो, असे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २००७ मधील अभ्यासात आढळले. भारतासाठी हीच बाब कळीची आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे उघड झाले. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेल्यास इस्ट्रोजेनचा पुरवठा एकाएकी खुंटतो. ते शाबूत ठेवले तरी त्यांचे कार्य लवकर मंदावू शकते. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिले.

केवळ स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी निरोगी स्त्रीने संप्रेरके घ्यावीत, असे सांगण्याइतका पुरावा आज उपलब्ध नाही. अकाली रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रियांना मात्र, अन्य धोका नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हे उपचार देण्याचा सल्ला तज्ज्ञ देतात. गोळीने मेंदूचे रक्षण होते की नाही, याचा निर्णय संशोधन यथावकाश देईल. शरीराने स्वतः निर्माण केलेले इस्ट्रोजेन विनाकारण हिरावून न घेणे, हे त्याआधीही शक्य आहे.