पवनचक्क्यांच्या पठारावर

चांद्याच्या माणसाला वीज कोठून येते हे सांगावे लागत नाही. दुर्गापूरच्या बाजूस तोंड करून उभे राहिले की धुरांडी दिसतात; खाणीतला कोळसा, इरईच्या धरणाचे पाणी आणि 2920 मेगावॅटचे ते अवाढव्य औष्णिक केंद्र, सारे हाकेच्या अंतरावर. आपल्या देशातला कोळसा शंभर मण जाळला तर तीस-चाळीस मण राखच उरते. तेव्हा माझ्या पुतणीने यंदा वैशाखात ‘धुरावाचूनची वीज’ पाहण्याचा हट्ट धरला, यात नवल नव्हते. घरात बराच खल झाला. तात्यांचे म्हणणे असे की, वारा हा काही पगारी नोकर नव्हे. हाक मारताच तो येत नाही. काकूंना मात्र वाटेत सज्जनगडी समर्थांच्या समाधीचे दर्शन घडणार होते. त्यांचे मत पुतणीच्या पारड्यात पडले आणि आमची मोटार साताऱ्याच्या वाटेस लागली.

इतक्या दूर कशासाठी, गडचिरोलीच्या रानात वारा नाही काय, असे कोणी विचारील. आहे, परंतु तो मंद, आणि झाडीने अडविलेला. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, तर त्यातील शक्ती निम्मी न राहता अष्टमांशावर येते. हा एक नियम ध्यानी घेतला की पवनचक्क्या सह्याद्रीच्या माथ्यावर का आणि आमच्या सागवानात का नाहीत, याचा उलगडा होतो.

साताऱ्याहून बोगद्यातून बाहेर पडावे, सज्जनगड करून ठोसेघरला यावे; तेथून चाळकेवाडीचे पठार थोड्याच अंतरावर आहे. वाटाड्याची गरज नाही, कारण अकराशे मीटरांहून उंच असलेल्या त्या सड्यावर पुढची दिशा चक्क्याच दाखवितात. पेट्रोल साताऱ्यासच भरून घ्यावे. रस्ता अरुंद आहे. मोटार थांबवावयाची तर डांबराच्या कडेलाच थांबवावी, सड्यावर मुळीच घालू नये. याचे कारण पुढे येईलच. पावसाळ्यात वारा सर्वाधिक असतो खरा, परंतु धुक्यात हाताशी असलेली चक्कीही दिसत नाही.

पहिली चक्की जवळून पाहिली तेव्हा काकूंनी विचारले, “ही दळते काय?” नाव चक्कीचे, पण दळणे नाही, तीन पाती फिरतात, त्यांच्यामागील पेटीत वीज उपजते आणि तारांवाटे खाली जाते. पात्यांचा सुस्कारा सारखा कानी येत राहतो. हे पठार पुढे पाटण तालुक्यात वनकुसवड्याकडे जाते आणि तेथून खाली कोयनेचा शिवसागर पसरलेला दिसतो. त्या बाजूच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नोव्हेंबर 2025 मध्ये आमच्या ताडोब्याची एक वाघीण आणून सोडली आहे, हे ऐकताच काकू म्हणाल्या, “म्हणजे आपल्या गावची लेक इथे नांदते म्हणायची!”

खरे पाहण्याजोगे होते ते मात्र चक्कीच्या पायाशी. एका दगडावर बसून एक सरडा गळ्याखालचा पंखा उलगडीत होता: निळा, काळा, नारिंगी. 2016 साली शास्त्रज्ञांनी याच पठारावरून या जातीचे वर्णन केले आणि तिच्या वंशाला ‘सारडा’ हे नाव आपल्या मराठी शब्दावरूनच दिले. पुतणीने वाचून ठेवले होते ते तिने तेथे सांगितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा 2018 सालचा निबंध याच पठारासंबंधी आहे. चक्क्या आहेत त्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. शत्रू घटले म्हणून सरडे वाढले, निर्भय झाले, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळेनासे झाले. पण ते अंगाने रोडावलेले होते आणि नरांच्या पंख्याचा रंगही फिका होता. दगडांच्या बेचक्यांतील हा संसार चाकांखाली येऊ नये, म्हणून मोटार सड्यावर नेऊ नये.

“मग तुझ्या स्वच्छ विजेलाही मोल पडतेच की,” तात्या म्हणाले. त्यांच्या स्वरात किंचित विजय होता.

“पडते, तात्या. पण इथे निदान कोणी सरडे मोजले. आपल्या खाणी खणल्या तेव्हा त्या रानात काय काय होते, ते कोणी मोजून ठेवले आहे का?”

तात्या काही बोलले नाहीत. त्यांचे वडील चांद्यालाच जन्मले, आणि आज खाणी आहेत त्या बाजूच्या रानाच्या गोष्टी ते सांगत, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. थोड्या वेळाने त्यांनीच डोळ्यांवर हात धरून आकाशाकडे पाहावयास आरंभ केला. तासभर आम्ही थांबलो. घार काही दिसली नाही.

परतताना ठोसेघरच्या दरीवर एक दिसली. तात्यांनीच मोटार थांबवावयास सांगितले.