मजुरी कशाची?

आमचे आबा मोटारगाड्या दुरुस्त करतात. वार्षिकाच्या पानावर हे वाक्य लिहावे की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले, आणि आता त्या दोन दिवसांचीच लाज वाटते. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून मी पान्याला हात लावलेला आबांना खपत नाही. "तू पुस्तकाचं बघ. हे डोक्याचं काम न्हवं," असे ते म्हणतात. त्यांचे हे म्हणणे मला साफ नामंजूर आहे.

दिवाळीच्या सुट्टीत वडापची एक जीप आली. स्टिअरिंग जड, वळवताना कुईऽऽ असा आवाज, खाली तेलाचा डाग. मालक म्हणाला, "मिस्त्री, पंप गेलाय, बदलून टाका." आबांनी आधी सगळे पुसून कोरडे केले. इंजिन चालू करून मला स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला लावले आणि स्वतः बॅटरी घेऊन खाली शिरले. कारण तेल पाझरते एकीकडे आणि टपकते दुसरीकडे. गळत असेल पाइप आणि बदलला पंप, तर मालकाचे पैसे वाया. इथे मात्र पंपाच्या शाफ्टचे सीलच गेले होते. शाफ्टलाही प्ले आला होता, तेव्हा नुसते नवे सील टिकले नसते. तर्कशास्त्राच्या तासाला याहून निराळे काय शिकवतात?

पुली शाफ्टवर घट्ट बसलेली असते. हातोडीचा मोह होतो. पण आबा पुलर लावूनच ती काढतात आणि नव्या पंपावरही ठोकून बसवत नाहीत, कारण तो घाव आतल्या भागांना लागतो. जुने काळे तेल पुन्हा घातले नाही. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो. टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत आबा तिथून हलले नाहीत. पंपात हवा राहिली, तर नवा पंपही तसाच ओरडतो.

मालकाने पंपाची किंमत मुकाट्याने मोजली. मजुरीला मात्र म्हणाला, "चार बोल्ट तर काढलेत!" (आमच्या काही प्राध्यापकांच्या गाड्याही आबांकडे येतात. त्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.)

मालकाला दोष देऊन मी मोकळा झालो असतो. पण आबांनीच मान डोलावली आणि दोनशे रुपये सोडले! ज्याला स्वतःलाच हे डोक्याचे काम वाटत नाही, तो डोक्याचे पैसे कसे मागणार?

एक मित्र म्हणाला, नव्या बऱ्याच गाड्यांचे स्टिअरिंग विजेच्या मोटारीवर चालते. तिथे ना हा पंप, ना तेल. खरे आहे. पण बिघाड कुठे आहे ते तिथेही कोणीतरी शोधणारच ना?

यापुढे बिले मी लिहिणार आहे. 'मजुरी' या एका शब्दाऐवजी तपासणी, पंप बदलणे, हवा काढणे अशा तीन ओळी. आबा म्हणतात, गिऱ्हाईक तुटेल.