पाकोळीचे घरटे आणि मोरजीचा धडा

आपल्या पेडण्याची हद्द ओलांडली की पुढे वेंगुर्ले. तिथून सुमारे १४ किलोमीटरवर भर समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' नावाचे उघडेबोडके खडक आहेत. तिथल्या काळोख्या गुहेत पाकोळी हा चिमुकला पक्षी स्वतःच्या लाळेने घरटे बांधतो. चिनी सूपसाठी हे घरटे मोठ्या किमतीला विकले जाते, म्हणून ते चोरीला जाते. त्यासोबत अंडी-पिल्लेही जातात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००१ साली ही तस्करी उघडकीस आणली.

वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे. पण मी सरकारी कारकून. कागदाला पाय नसतात, हे मला चांगलेच ठाऊक आहे. त्या खडकावर पहारा कोण देणार?

उत्तर आपल्या पेडण्यातच आहे. मोरजीला पूर्वी कासवाची अंडी लोक खायचे, विकायचे. नव्वदच्या दशकात त्याच गावचे लोक वनखात्याबरोबर राखणीला बसले. मग त्या खडकांच्या बाजूने होडी नेणाऱ्या मच्छीमारांनाच विणीच्या महिन्यांत पगारी पहारेकरी का नेमू नये? चोराची होडी सगळ्यांत आधी त्यांनाच दिसते.

आपल्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. पाकोळीच्या खडकालाही एक असू द्या!