चुकलेला तर्क सोडायचा कधी?

२२ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘लॉस्ट’ ही मालिका सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते आणि वाचलेले प्रवासी तिथे अडकतात, एवढीच वरवरची गोष्ट. पण सुरुवातीलाच त्या उष्ण प्रदेशातल्या जंगलात ध्रुवीय अस्वल निघाले, झाडे उन्मळून टाकणारे काहीतरी अदृश्य फिरू लागले आणि पुढे ४, ८, १५, १६, २३, ४२ हे आकडे जिथेतिथे दिसायला लागले. प्रेक्षकांना एवढे पुरे होते. आठवड्याला एक भाग पाहायचा आणि उरलेले दिवस तर्क लढवायचे, असा लाखो लोकांचा सहा पर्वांचा क्रम ठरून गेला. अशा तर्कांना ‘फॅन थिअरी’ म्हणतात.

त्यातली सर्वांत गाजलेली थिअरी अशी की, विमानातले सगळे पहिल्याच दिवशी मरण पावले आहेत. बेट म्हणजे पर्गेटरी. ख्रिस्ती श्रद्धेनुसार स्वर्गात जाण्यापूर्वी आत्म्याची शुद्धी होते ती मधली अवस्था. तर्क मोहात पाडणारा होता. बहुतेक प्रवाशांच्या मागल्या आयुष्यात काही ना काही अपराध होता. बेटावर चाकाच्या खुर्चीतला माणूस चालू लागतो, नायक जॅकला मेलेला बाप दिसतो. सगळे कसे चपखल बसत होते. मालिकेचे कर्ते डेमन लिंडलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी मात्र हा तर्क चूक असल्याचे मालिका चालू असतानाच वारंवार सांगितले. अस्वलाचाही उलगडा झाला. ‘धर्मा इनिशिएटिव्ह’ नावाच्या संशोधन प्रकल्पाने ती अस्वले प्रयोगांसाठी बेटावर आणली होती. २३ मे २०१० रोजी दाखवलेल्या शेवटच्या भागात तर जॅकचे वडील त्याला समजावूनच सांगतात की, बेटावर घडले ते खरोखर घडले. मृत्यूनंतरची होती ती फक्त शेवटच्या पर्वातली समांतर कथा. प्रत्येक जण आपापल्या वेळी गेला, कुणी आधी, कुणी खूप उशिरा.

एवढे होऊनही ‘लॉस्ट’चा शेवट काय, असे विचारल्यावर ‘ते सगळे सुरुवातीपासून मेलेलेच होते’ असे उत्तर देणारे आजही भेटतात. मालिकेने ज्याचा इन्कार केला, तोच तर्क अनेकांच्या आठवणीत मालिकेचा शेवट होऊन बसला. मालिकेपुरते यात कुणाचे काही बिघडत नाही. पण माणूस हीच रीत स्वतःच्या छातीतल्या कळेला किंवा महिनाभराच्या खोकल्याला लावतो, तेव्हा बरेच काही बिघडते. म्हणून आरोग्याच्या स्तंभात हा विषय.

मुळात तर्क करण्यात गैर काहीच नाही. रहस्यकथा आणि वैद्यक यांचे तर रक्ताचे नाते आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल स्वतः डॉक्टर होते आणि होम्सचे निरीक्षण त्यांनी घेतले ते एडिनबरोतील आपले शिक्षक, शल्यचिकित्सक जोसेफ बेल यांच्याकडून. रुग्णाची चाल, हात, कपडे पाहून त्याचा व्यवसाय आणि आजार यांचा अंदाज बांधण्यात बेल यांचा हातखंडा होता. निदान म्हणजे काय, तर हाताशी असलेल्या खुणांवरून केलेला तर्कच. प्रश्न एवढाच की तो तर्क कसा केला आणि पुढच्या खुणा आल्यावर त्याचे काय केले.

याची दोन्ही उदाहरणे होम्सवरच्याच एका मालिकेत सापडतात. बीबीसीच्या ‘शेरलॉक’मध्ये १५ जानेवारी २०१२ च्या भागात होम्स लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी मारतो. डॉक्टर असलेला त्याचा मित्र वॉटसन धावत येऊन मनगटाची नाडी पाहतो, ती लागत नाही. शेवटी मात्र होम्स जिवंत दिसतो. हे कसे घडले यावर प्रेक्षक दोन वर्षे डोके खाजवत होते. काहींनी आठवण करून दिली की, आधी होम्स एका रबरी चेंडूशी खेळताना दाखवला आहे. तो चेंडू काखेत दाबून धरला तर हाताकडे जाणारी रोहिणी दबते आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते. २०१४ च्या जानेवारीत आलेल्या पुढच्या भागात होम्सने दिलेल्या स्पष्टीकरणात हा चेंडू होता. ते स्पष्टीकरण खरे की होम्सची थाप, अशी शंका मालिकेने मुद्दाम ठेवली, पण चेंडूचा तर्क शरीरशास्त्राला धरून होता. बेशुद्ध माणसाची नाडी मानेवर पाहावी असे डॉक्टरांना शिकवतात, त्यामागचे एक कारणही हेच की मनगटाची नाडी फसवू शकते.

त्याच मालिकेचा दुसरा किस्सा उलट आहे. जानेवारी २०१७ मध्ये चौथ्या पर्वाचा तिसरा आणि अखेरचा भाग आला. काही चाहत्यांना तो इतका विसंगत वाटला की हा खरा शेवट असूच शकत नाही, असे त्यांनी ठरवले. एक गुप्त चौथा भाग आहे आणि पुढच्या रविवारी बीबीसीवर जाहीर झालेली ‘ॲपल ट्री यार्ड’ ही नवी मालिका म्हणजे त्यावरचे नुसते पांघरूण आहे, असा तर्क पसरला. रविवार उजाडला आणि ‘ॲपल ट्री यार्ड’ म्हणून ‘ॲपल ट्री यार्ड’च लागली, लुईस डाउटी यांच्या कादंबरीवरची, होम्सशी काडीचाही संबंध नसलेली.

दोन्ही तर्क हुशार माणसांचेच. फरक असा की चेंडूचा तर्क लहान होता. तो एकाच प्रश्नाचे उत्तर देत होता आणि चूक ठरण्याची त्याची तयारी होती. गुप्त भागाच्या तर्काला आधीच्या भागाचा प्रत्येक दोष पुरावा वाटत होता, बीबीसीचे मौनही पुरावाच वाटत होते. सुदैवाने त्यालाही एक तारीख होती, म्हणून तो रविवारी पडला. ‘लॉस्ट’च्या पर्गेटरीला अशी तारीख नव्हती. कर्त्यांनी नकार दिला की ‘ते रहस्य कसे फोडतील?’ असे म्हणता येत होते. ज्या तर्काला नकारही होकारासारखा ऐकू येतो, तो कधीच हरत नाही. आणि म्हणूनच तो भरवशाचा नसतो.

माणसाच्या या सवयीचा साधा प्रयोग पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध केला. २, ४, ६ हे तीन आकडे एका नियमात बसतात. तुम्ही आणखी त्रिकुटे सांगून नियम ओळखा, असे त्याने लोकांना सांगितले. बहुतेकांनी ८, १०, १२ अशी त्रिकुटे विचारली, दर वेळी ‘बसते’ असे उत्तर मिळाले आणि ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असा नियम त्यांनी छातीठोकपणे सांगितला. तो चूक होता. खरा नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. १, २, ३ असे एकदा विचारले असते तरी चूक कळली असती. पण आपला तर्क मोडेल असा प्रश्न विचारायचे पहिल्या झटक्यात फार थोड्यांना सुचले.

रहस्यमालिका पाहताना आणखी एक गृहीत धरलेले असते. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू लेखकाने हेतूने ठेवली आहे, असे ते गृहीत. तेही दर वेळी खरे नसते. ‘लॉस्ट’मध्ये वॉल्ट नावाच्या मुलाकडे काही अद्भुत शक्ती असल्याचे सूचित केले होते आणि त्यावर थिअऱ्यांचे इमले उभे राहिले. पण बेटावर जेमतेम काही आठवडे सरत असताना त्या मुलाचे काम करणारा अभिनेता भराभर उंच होत होता, म्हणून वॉल्टला कथेतून बाजूला करावे लागले. एको हे पात्र तिसऱ्या पर्वात अचानक मेले, कारण अभिनेत्याला मालिका सोडायची होती. शेवटच्या भागानंतर श्रेयनामावलीत निर्मनुष्य किनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष दाखवले गेले, तेव्हा ‘बघा, कुणीच वाचले नव्हते’ असे म्हणायला अनेकांना बळ मिळाले. ती दृश्ये वाहिनीने आपल्या मनाने जोडली होती. भावुक शेवटाला लागूनच पुढचा कार्यक्रम आदळू नये, एवढाच उद्देश.

रुग्णालयात अशा बिनहेतूच्या खुणा रोज दिसतात. रक्त काढताना किंवा नेताना नळीतल्या लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात ते घातक पातळीला गेलेले दिसते. दोष नळीत असतो, रुग्णात नसतो. नमुना पुन्हा तपासला की उलगडा होतो. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांच्या कण्याचे एमआरआय काढले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. म्हणजे पाठ दुखते आणि एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते, एवढ्यावर दुखण्याचे कारण सापडले असे होत नाही. एकाच विडाल तपासणीवर ठरवलेला टायफॉइडही याच जातीचा. टायफॉइड नेहमी आढळतो अशा भागात जुन्या संसर्गाची किंवा लसीची प्रतिपिंडे रक्तात असू शकतात. ताप कशाने आहे हे ठरवायला रक्ताचे कल्चर अधिक विश्वासार्ह. शरीराची कथा कुणी लेखकाने लिहिलेली नसते, त्यामुळे तिच्यात प्रत्येक खुणेला अर्थ असेलच असे नाही.

तरीही सर्वांत महाग पडतो तो न हरणारा तर्क. छातीत दडपण येते, घाम फुटतो आणि घरात निदान ठरते, ‘पित्त झाले’. सोडा घेतला, ढेकर आली, थोडे बरे वाटले की तर्काला पुरावा मिळाला. कळ डाव्या हातात उतरली तर ‘रात्री अवघडून झोपलो असेन’. हृदयविकारात पहिला तास मोलाचा, तो असा समजूत घालण्यात जातो. दुसरे उदाहरण ‘ॲलर्जीच्या’ खोकल्याचे. वजन घटले तर कामाची दगदग, संध्याकाळी कणकण आली तर हवाबदल, भूक मेली तर औषधांची उष्णता. प्रत्येक नवी खूण त्या एकाच तर्काच्या पोटात जाते आणि क्षयाला आणखी दोन महिने मिळतात. रुग्णाला मिळतात तसेच घरातल्या लेकराबाळांनाही संसर्ग व्हायला मिळतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे आणि ही तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. या नियमाची खुबी हीच की तो कुणाच्या तर्काशी वाद घालत बसत नाही. तो तर्काला मुदत घालून देतो.

यात फक्त रुग्णच अडकतात असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदान चुकलेली १०० प्रकरणे तपासली, तेव्हा विचारातल्या चुकांमध्ये सर्वाधिक आढळली ती एकच. एक निदान सुचले, ते पटले आणि दुसऱ्या शक्यतांचा विचार तिथेच थांबला. बाह्यरुग्ण विभागातल्या लांब रांगेत, रुग्णामागे दोन-तीन मिनिटे मिळत असताना, हा धोका आणखी वाढतो. अनुभवाने तो आपोआप जात नाही, कारण अनुभवी डॉक्टरला पहिले निदान अधिक लवकर सुचते. म्हणूनच वैद्यकशास्त्र संभाव्य आजारांची यादी करायला शिकवते आणि त्या यादीत जीवघेणा आजार शक्यता कमी असली तरी ठेवायला सांगते.

रुग्णाने आपला अंदाज डॉक्टरांपुढे जरूर मांडावा; त्यातून कधी कधी नेमका धागा मिळतो. मात्र सोबत तीन प्रश्न विचारावेत. हे दुसरे काय असू शकते? या निदानात न बसणारी एखादी खूण आहे का? आणि किती दिवसांत बरे वाटले नाही, किंवा कोणते लक्षण दिसले, तर परत यायचे? तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त उपयोगी पडतो. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. ‘तीन दिवसांत ताप उतरला नाही तर पुन्हा या, कल्चर करू’ असे सांगणारा डॉक्टर आपल्याच निदानाला तारीख देत असतो.

‘लॉस्ट’च्या प्रेक्षकांनी सहा वर्षे तर्क लढवले, बहुतेक चुकले आणि त्यात त्यांची करमणूक झाली. मालिकेचा चुकलेला तर्क मनात जन्मभर बाळगला तरी चालेल. शरीराबाबतच्या तर्काची मुदत मात्र तो केला त्याच दिवशी ठरवलेली बरी.